बॅटमन ‘विनोदी’ आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: बॅटमनबद्दल लिहिताना ‘तो विनोदी आहे’ हे वाक्य कानाला खटकते आणि नुसते ‘गंभीर’ म्हटले तर अर्धीच गोष्ट सांगून होते. मग न हसता विनोद करण्याच्या त्याच्या ढंगाला मराठीत काय म्हणावे? ‘कोरडा विनोद’ चालेल का?

खटकते ते बरोबरच आहे. ‘विनोदी’ हे विशेषण पिकणाऱ्या हशाकडे बोट दाखवते. विनोदी नट, विनोदी लेख, विनोदी प्रसंग. ज्याच्यामुळे हसू येते तो विनोदी, मग त्याला स्वतःला विनोद कळो वा न कळो. त्यामुळे १९६६ ते ६८ मधल्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या बॅटमनला हा शब्द खुशाल लावा. ॲडम वेस्ट तिथे अतिशय गंभीरपणे बोलतो आणि आपण हसतो. १९३९ पासून चालत आलेल्या कॉमिकमधला, विशेषतः सत्तरच्या दशकानंतरचा बॅटमन मात्र ‘विनोदबुद्धी असलेला’ आहे. विनोदी असणे आणि विनोदबुद्धी असणे यांत मराठी नीट फरक करते, तो फरक इथे वापरावा.

१९९२ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमेटेड मालिकेतला एक प्रसंग बघा. जोकर, पेंग्विन, टू-फेस, पॉयझन आयव्ही आणि किलर क्रॉक पत्ते कुटत बसले आहेत. बॅटमनला आपण कसे जवळजवळ संपवलेच होते, याच्या फुशारक्या चालल्या आहेत. एकेकाचा डाव दुसऱ्याहून गुंतागुंतीचा. क्रॉकची पाळी येते. तो सांगतो की मी त्याला दगड मारला. सगळे गप्प. मग तो पुस्ती जोडतो की दगड मोठा होता. पुढे उलगडा होतो की क्रॉकच्या वेशात खुद्द बॅटमनच बसला होता! शत्रूंच्या गोटात, जिवाची जोखीम घेऊन, स्वतःलाच दगड मारल्याची ही थाप. याला मराठीत नामापेक्षा क्रियेतून सांगणे सोपे जाते: मख्ख चेहऱ्याने बोलणे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता टोला हाणणे.

‘मिश्किल’ सुचेल, पण त्याला डोळे लागतात. मिश्किल माणूस तोंडाने गप्प राहिला तरी डोळ्यांतून फुटतो. कॉमिकमधल्या बॅटमनचे डोळे म्हणजे मुखवट्यातल्या दोन पांढऱ्या फटी. ‘खवचट’मध्ये समोरच्याला बोचावे ही इच्छा असते. ‘तिरकस’ मी बॅटमनच्या घरचा नोकर आल्फ्रेड याच्यासाठी राखून ठेवीन. अदबीने ‘सर’ म्हणत मालकाच्या खुळाची खिल्ली उडवणे ही त्याची खासियत. शब्द सरळ, अर्थ आडवा.

१९९६ च्या ‘किंगडम कम’ या कॉमिकमध्ये तर ऐकणाराही नाही. बोलता बोलता गायब होण्याची खोड बॅटमनची. पोलीस कमिशनर गॉर्डन वळून बघतात तोवर हा नाहीसा. इथे तीच खोड सुपरमॅन त्याच्यावर उलटवतो, आणि एकटा उरलेला बॅटमन स्वतःशीच म्हणतो की अच्छा, असं वाटतं तर. हसवायला कोणी नसतानाचा हा विनोद ‘विनोदी’त बसवणार कसा?

राहिला ‘कोरडा विनोद’. तो आता रुळत चालला आहे, अगदीच टाकाऊ नाही. पण कोरडे उत्तर, कोरडी सहानुभूती यांतला ‘कोरडा’ म्हणजे जिव्हाळा नसलेला. त्यात ‘कोरडे ओढणे’मधला चाबूकही जवळच उभा आहे. बॅटमनचा विनोद बहुधा आपल्या माणसांपाशी किंवा स्वतःवरच खर्च होतो, म्हणून मला हा शब्द त्याच्यासाठी थोडा निष्ठुर वाटतो. एका शब्दाचीच अट असेल तर चालवून घ्यावा. वाक्यभर जागा असेल तर ‘तो मख्ख चेहऱ्याने विनोद करतो’ असे लिहावे. त्याचे आटवून ‘मख्ख विनोद’ मात्र करू नये. मख्ख चेहरा असतो, आणि विनोदच मख्ख झाला तर तो फसला असा अर्थ होईल.