हप्ता परवडतो, हिवाळा परवडत नाही

घराचा हप्ता परवडतो, पण थंडीत ते तापवायचं बिल परवडत नाही, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा पहिला हिवाळा आठवला. गावाबाहेरचं जुनं घर, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं, कर्जाचा हप्ता आटोक्यात, आणि ऐन थंडीत घर तापवणाऱ्या बॉयलरच्या तेलाची टाकी भरायची वेळ आली की बिल हप्त्याच्या वर. नाकापेक्षा मोती जड. आता तुम्ही विचारताय की बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत ओढणारं मशीन) बसवावा की वुड स्टोव्ह (लाकडाची बंद शेगडी) घ्यावा. माझं उत्तर कदाचित आवडणार नाही: या हिवाळ्यात दोन्ही नको. आधी पोटमाळ्यावर चढून बघा.

मी इंजिनिअर नाही. एका जुन्या घरात पोळलेला (खरं तर गारठलेला) माणूस आहे, त्या हिशोबानेच वाचा. हीट पंप कसा चालतो वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

गरम हवा वर चढते आणि पोटमाळ्याच्या झडपेतून (वर चढायच्या झाकणातून), दिव्यांच्या भोकांतून, धुराड्याच्या कडेच्या फटींतून निसटते. जेवढी निसटली तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते. आम्हाला पायाला वारा लागायचा म्हणून आम्ही दाराखाली पट्ट्या लावत बसलो. भोक मात्र डोक्यावर होतं. आणि क्रम चुकवू नका: आधी फटी बुजवा, मग वर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा जाड थर) घाला. नुसतं घातलंत तर घरातली दमट हवा त्यातून आरपार जाते, छपराच्या गार फळ्यांवर पाणी धरतं आणि दोन वर्षांत बुरशी. धुराड्याभोवती साधा फोम मारू नका, तिथे आगीला टिकणारंच साहित्य लागतं.

आता आमची घोडचूक. आम्ही आधी मशीन, म्हणजे हीट पंप, घेतलं. का, तर अनुदान मशीनवर घसघशीत होतं. अनुदान देणाऱ्या कार्यालयाला (नाव लिहीत नाही, उगाच डोक्याला ताप) मी फोन केला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या: "काम करून घ्या, बिल जोडून अर्ज पाठवा." मिस्त्री त्याच महिन्यात मोकळा होता, थंडी तोंडावर, आम्ही आगाऊ रक्कम दिली. अर्ज गेला. पाच आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: मंजुरीपूर्वी काम सुरू केल्याने अपात्र. "काम सुरू" म्हणजे काय, तर आगाऊ रकमेच्या पावतीवरची तारीख. त्या तारखेला घरात एक खिळाही ठोकलेला नव्हता!

मग सुरू झाल्या फेऱ्या. पहिली खिडकी म्हणाली तांत्रिक विभागाला विचारा, तांत्रिक विभाग म्हणाला हे हिशोबाचं काम, हिशोबवाले म्हणाले नियम वेबसाइटवर दिलाय, तुम्ही वाचला नाही का? वाचला होता हो, पण तुमच्याच माणसाने फोनवर उलटं सांगितलं! त्यावर ठरलेलं उत्तर: फोनवरच्या बोलण्याची नोंद आम्ही ठेवत नाही. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. आम्ही आठ थांबलो आणि हाती काही आलं नाही. अजून आठवलं की रक्त तापतं, आणि तेवढ्या उष्णतेला बिल येत नाही हीच काय ती बचत.

तेव्हा कोणत्याही अनुदानासाठी: विचारायचं ते ईमेलवर विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत करारावर सही नाही, आगाऊ रक्कम नाही. मिस्त्री दुसरीकडे निघून गेला तर जाऊ दे.

त्याच चुकीचं शेपूट पुढच्या वर्षी हाती लागलं. मिस्त्रीने घराचं क्षेत्रफळ विचारून मशीनचा आकार ठरवला होता, घरातून उष्णता किती निसटते हे मोजलंच नव्हतं. आम्ही उशिरा का होईना पोटमाळा बंद केला, घराची गरज घटली आणि मशीन मोठं ठरलं. सारखं चालू-बंद, चालू-बंद. आणि गंमत म्हणजे पोटमाळ्याचा खर्च मशीनच्या मानाने चिल्लर होता.

इंधनांची तुलना करताना लिटरचा भाव लिटरच्या भावाशी लावू नका, शुद्ध फसवणूक आहे. तेलाच्या लिटरमध्ये साधारण 10 युनिट उष्णता (युनिट तेच, विजेच्या बिलातलं, म्हणजे किलोवॅट-तास), प्रोपेनच्या, म्हणजे टाकीतल्या द्रवरूप गॅसच्या, लिटरमध्ये 7 च्या आसपास. वाळलेलं लाकूड किलोला 4, पेलेट (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या) पावणेपाच-पाच. जुना बॉयलर त्यातली बरीच धुराड्यातून घालवतो. साधा विजेचा हीटर एका युनिटला एकच युनिट देतो. हीट पंप शून्य अंशाच्या आसपास तीन देत असेल तर उणे पंधरा-वीसला दोनच्या जवळ येतो. म्हणून मॉडेल बघताना ठळक छापलेला आकडा सोडा, तुमच्याकडच्या सर्वात वाईट रात्रीच्या तापमानाचा आकडा मागा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला की समजा.

वुड स्टोव्हबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. "लाकूड काय, फुकट मिळतं" म्हणणाऱ्यांनी ते फोडलेलं, रचलेलं आणि पहाटे चारला उठून आत टाकलेलं नसतं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असू शकतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा, त्याला एक वर्ष, कठीण लाकडाला दोनही लागतात. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्त असतं, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टेकवा, बाहेरची साल खोटं बोलते. ओलं जाळलंत की धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एक दिवस तोच पेटतो. विमावाल्यांना आधी कळवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, यावर चर्चा नको. मात्र वीज गेली की बॉयलर, हीट पंप, पेलेट स्टोव्ह सगळे गप्प होतात आणि वुड स्टोव्ह एकटा चालतो, हे कबूल करावं लागेल. तुमच्याकडे वादळात वीज दिवसभर जात असेल तर माझं मत बाजूला ठेवा.

अवांतर: बिनधुराड्याचा रॉकेलचा हीटर "तात्पुरता" आणू नका. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. आमच्या खिडक्या आठवडाभर रडत होत्या, मग कपाटामागे काळं धरलं.

आणि बहिणीलाही त्याच भागात घर बघायचंय असं लिहिलंय, तर तिला सांगा की विकणाऱ्याकडून मागच्या तीन हिवाळ्यांची इंधनाची बिलं मागायची, शिवाय त्या वेळी किती खोल्या तापवत होते तेही विचारायचं. आम्हाला दाखवलेलं बिल खरंच होतं. एकटे आजोबा होते, स्वयंपाकघरातच झोपायचे.

पोटमाळ्यावर आत्ता किती जाडीचं काय घातलंय आणि झडपेला कडेने रबर आहे का, एवढं बघून लिहा. फोटो असेल तर उत्तम. बॉयलर तोवर हलवू नका.