झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक नागपूरच्या मिश्र प्रेक्षकांपुढे न्यायचं तर काय निवडावं?

सुरुवात दंडारीनं, म्हणजे तिथल्या नाच-गाण्याच्या लोकनाट्यानं करा. हिंदी, तेलुगू बोलणाऱ्यालाही तिचा नाच आणि ठेका लगेच कळतो. मग एखादं कौटुंबिक नाटक घ्या, पण अडीच तासांत बसवलेलं. आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात प्रयोग रात्री दहानंतर उभा राहतो, तांबडं फुटेपर्यंत चालतो. म्हाताऱ्या बाया चादर गुंडाळून शेवटच्या अंकापर्यंत जागच्या हलत नाहीत. शहरात तेवढा वेळ मिळणार नाही. तरी गाणी कापू नका, तीच जान आहे.

आणि संवाद प्रमाण मराठीत मुळीच करू नका! 'पाणी'चं 'पानी', 'डोळा'चा 'डोरा' तसाच राहू द्या. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री याच रंगभूमीसाठी मिळाली. हवं तर अंकाआधी दोन वाक्यांत हिंदीतून कथा सांगा.