डब्यावर ‘सिद्ध’ छापले म्हणजे काय सिद्ध झाले?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या असून त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. यंदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून त्यांनी साखर कमी करणारे चूर्ण आणले. डब्यावर ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असे छापलेले असून ‘२०० रुग्णांवरील चाचणीत ९२ टक्के रुग्णांची साखर तीन महिन्यांत कमी झाली’ असा दावा आहे. अन्नपरवान्याचा क्रमांक, आयएसओ प्रमाणपत्र आणि पेटंट यांचाही उल्लेख आहे. चूर्ण सुरू केल्यापासून सासूबाईंनी डॉक्टरांच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या आहेत. एवढे पुरावे असताना आम्ही शंका घ्यावी का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : शंका अवश्य घ्यावी, परंतु त्याआधी सासूबाईंना डब्यासह त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि गोळ्या निम्म्या केल्याचे त्यांना स्पष्ट सांगा. चूर्णाचा वाद नंतरही घालता येईल, गोळ्यांचा प्रश्न थांबणारा नाही.

आता शिक्क्यांकडे वळू. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते चादर सोलापूरची असल्याची ग्वाही देते, ती अधिक ऊबदार असल्याची नव्हे. डब्यावरच्या शिक्क्यांचेही तसेच आहे. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक संबंधित व्यवसायाला परवाना मिळाल्याचे सांगतो, आयएसओ प्रमाणपत्र बहुधा व्यवस्थापनाच्या पद्धतीविषयी असते आणि पेटंट मिळते ते नावीन्याबद्दल. यांपैकी एकाही शिक्क्याने रक्तातली साखर मोजलेली नाही. त्यातही गंमत अशी की, जो पदार्थ अन्न म्हणून विकला जातो त्याला आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि औषध म्हणून विकायचा असेल तर औषधाचा परवाना लागतो. त्यामुळे अन्नपरवाना मिरवणाऱ्या डब्यावर मधुमेहाचा दावा असेल, तर तो डबा स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देत असतो.

खरा प्रश्न त्या ९२ टक्क्यांचा आहे. हा आकडा खोटाच असेल असे नाही. तो खरा असूनही फसवा असू शकतो. चाचणीतल्या रुग्णांनी आपापल्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या का? त्यांना सोबत पथ्य आणि चालण्याचा व्यायाम दिला होता का? तसे असेल तर साखर कशामुळे उतरली, हे कोण ठरवणार? शिवाय साखर फार चढली की माणूस नव्या उपायाच्या मागे लागतो, आणि फार चढलेले मोजमाप पुढच्या वेळी बहुधा काहीसे खाली येतेच, मग मधल्या काळात त्याने चूर्ण घेतलेले असो वा नसो. म्हणूनच तशाच रुग्णांचा दुसरा गट हवा, ज्याला दिसायला तेच पण निष्प्रभ चूर्ण दिले जाते. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला ठाऊक नसते, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. त्या दुसऱ्या गटातही ८८ टक्के लोकांची साखर कमी झाली असेल, तर ९२ चे मोल किती उरते ते तुम्हीच पाहा. ‘कमी झाली’ म्हणजे किती, हेही जाहिरात सांगत नाही. १८० ची १७८ झाली तरी ती कमीच. मध्येच कंटाळून चूर्ण सोडणारे २०० मध्ये धरले की गाळले, याविषयीही मौन असते. आणि ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे म्हटले असेल, तर तो प्रयोग काचेच्या नळीतल्या पेशींवर वा उंदरांवर झालेला असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी.

विक्रेत्याकडे एकच मागणी करा : चाचणीचा छापील शोधनिबंध, किंवा भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतला क्रमांक. ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंद असणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे, पण किती रुग्ण, कोणती तुलना आणि काय मोजायचे ठरले होते, हे तिथे कळते. उत्तरादाखल पांढऱ्या कोटातल्या माणसाचे छायाचित्र आणि समाधानी ग्राहकांची पत्रे मिळाली, तर तेच तुमचे उत्तर समजा.

कायद्याविषयी थोडक्यात. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे, आणि त्यावरील उपचाराचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला हा कायदा मनाई करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डबा, पत्रक आणि पावती जपून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येते.

चूर्णाने साखर खरोखरच झपाट्याने उतरली, तर मात्र अधिक सावध व्हा. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत मधुमेहाच्या ॲलोपॅथिक गोळ्यांचे घटक न सांगता मिसळल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे, आणि तशा वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. सासूबाईंना अचानक घाम सुटणे, हात थरथरणे किंवा गोंधळल्यासारखे होणे असा त्रास होत असेल, तर लगेच साखर तपासा. त्या शुद्धीवर असतील आणि गिळू शकत असतील तर साखरेचे पाणी द्या, आणि तो डबा घेऊनच त्यांना दवाखान्यात न्या.