फिल्टर राहू द्या, आधी तारांपासून लांब जा

"गच्चीवर व्हीएलएफ रिसीव्हर लावला, नुसती घुंईऽ ऐकू येते, कोणता फिल्टर घेऊ?" इथे आलेला हा प्रश्न वाचून, राग मानू नका, पण हसूच आलं. (व्हीएलएफ म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी; आकाशात वीज चमकली की उठणारे आवाज त्यावर ऐकू येतात.) माझीही गच्ची कोल्हापुरातलीच.

मी इंजिनिअर नाही, हौशी माणूस. तरी सांगतो, फिल्टरवर पैसे घालू नका. घुंई विजेच्या तारांची. लाईन ५० हर्ट्झची असली तरी तिचे पट १००, १५० करत हजारांत जातात, म्हणजे आपल्याला ऐकायचंय नेमकं तिथेच. त्यात पहिलाच अ‍ॅम्प्लिफायर त्या घुंईने भरला, की पुढे कॉम्प्युटरवर कितीही साफ करा, उपयोग शून्य.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कार्यालयाने. घरामागच्या खांबावर इन्सुलेटरपाशी ठिणगी उडायची, कोरड्या हवेत रात्री चक्क दिसायची. अर्ज दिला. साहेब म्हणाले, "लाईट आहे ना घरात? मग तक्रार कसली?" दुसऱ्या टेबलावर विचारलं, "रेडिओ ऐकताय? मग एफएम लावा की." अर्ज दोनदा हरवला. शेवटी लाईट गेली तेव्हा वायरमन आला, ढिली तार आवळली आणि चरचर बंद. घुंई मात्र तशीच, कारण ती बिघाड नाहीच.

तेव्हा बाहेर पडा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर रस्ता सोडून आत चालत जा. साध्या खांबांपासून अर्धा किलोमीटर तरी, मोठ्या मनोऱ्यांपासून त्याहून बरंच लांब (हा माझा अंदाज, नियम नव्हे). जांभ्यात अर्थिंगचा खिळा जात नाही. बॉक्सचा धातू हातात धरा, अंगाचं अर्थिंग पुरतं. पॉवर बँक नको, पेन्सिल सेल घ्या. ऊसपट्ट्यात जाणार असाल तर थ्री फेजची पाळी विचारून घ्या, मोटारी सुरू झाल्या की संपलं.

राधानगरीकडे गव्यांसाठी झटक्याचं कुंपण असतं. ते ठरलेल्या अंतराने टक्, टक् करतं. आकाशातल्या विजेची चरचर कधीच तालात नसते. रात्री उशिरा १.७ किलोहर्ट्झच्या आसपास उतरत येणारा 'टिव्' ऐकू आला तर तो ट्वीक, म्हणजे लांब कुठेतरी चमकलेल्या विजेचा आवाज. व्हिसलरची, म्हणजे विजेपासूनच निघणाऱ्या लांब उतरत्या शिट्टीची, आशा फार धरू नका, आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ. वळवाचे ढग दिसले तर मात्र अँटेना गुंडाळा आणि गाडीत बसा, पठारावर उगाच धाडस नको.

रेकॉर्डिंग झालं की इथे टाका, टिक कुंपणाची की आकाशातल्या विजेची ते सांगतो.