'कर्करोगनाशक प्रथिने' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: माणसाच्या रक्तात ट्यूमरच्या पेशींशी लढणारी काही प्रथिनं निसर्गतःच असतात. त्यांना 'कर्करोगनाशक प्रथिने' म्हटलं तर चालेल का?

मला ते पटत नाही. 'प्रथिन' हा शब्द मात्र फार देखणा आहे. 'प्रोटीन' आलं 'पहिला' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आणि 'प्रथिन' ऐकताच 'प्रथम' आठवतं. ध्वनीही जुळला, अर्थही. पारिभाषिक शब्दाला असं भाग्य क्वचितच लाभतं.

'कर्करोग' इथे सैल बसतो. ट्यूमर म्हणजे गाठ, अर्बुद. प्रत्येक अर्बुद कर्करोगाचं नसतं आणि रक्ताच्या कर्करोगात बहुधा गाठ नसतेच. सुश्रुतसंहितेतलं अर्बुद गोल, स्थिर, कमी दुखणारं, खोल मुळांचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं आहे. इतकं नेमकं वर्णन पाठीशी असलेला शब्द आपण का सोडावा? बोलताना अर्थात 'गाठ'च बरी.

सगळ्यात जास्त खटकतं ते 'नाशक'. कीटकनाशक, तणनाशक, जंतुनाशक हे शब्द ऐकले की वाटतं, टाकलं की मेलंच. या प्रथिनांबद्दल अशी हमी देता येत नाही. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, याचंच बघा. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तद्रवातल्या एका घटकाला हे नाव दिलं, कारण त्यानं गाठींमधल्या पेशी मरत होत्या. माणसातही हे प्रथिन असतं. पुढे १९८५मध्ये कळलं, की शरीर खंगवणारं 'कॅकेक्टिन' म्हणून ज्याचा अभ्यास चालला होता, तेही हेच! औषध म्हणून ते सर्वांगात सोडलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. म्हणून काही गाठींसाठी ते फक्त हातापायाच्या वेगळ्या केलेल्या रक्तप्रवाहात देतात. आमवातात तर त्याला अडवणारी औषधं द्यावी लागतात. अशा प्रथिनाला 'नाशक' म्हटलं, की आजारी माणसाच्या घरच्यांना भलतीच आशा लागते. मला याची फार काळजी वाटते.

म्हणून माझी पसंती 'अर्बुदविरोधी'ला. विरोध म्हटला की झुंज आली, जिंकण्याची खात्री आली नाही. टीएनएफ हे विशेषनामासारखं रुळलं आहे, ते तसंच राहू द्यावं. वाक्य असं करता येईल: 'रक्तातली काही प्रथिने अर्बुदविरोधी असतात; टीएनएफ त्यांपैकी एक.'