वाचकांचे प्रश्न : एआय म्हणतंय ‘८७ टक्के’, फॅन थांबवू का?

प्रश्न : साखर कारखान्यात आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढणारा पंखा) मोटरला (५५ किलोवॅट, १४८० आरपीएम, कपलिंगकडे ६३१४ बेअरिंग) कंपनाचा सेन्सर आहे. एआय प्रणाली चार दिवस ‘बेअरिंग बिघाड ८७ टक्के, शिल्लक १२ दिवस’ दाखवते. कंपन २.१ वरून ३.४ मिमी प्रति सेकंद झालंय. ऐन गाळपात फॅन थांबवायचा का?
— एक फोरमन, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : आज थांबवू नका, पण नवं बेअरिंग स्टोअरमधून काढून ठेवा. ८७चा अर्थ एवढाच, की तुमचं कंपन मॉडेलने शिकलेल्या खराब बेअरिंगांसारखं दिसतंय. ‘१२ दिवस’ तर अंदाजावरचा अंदाज. तो १२, ११, १० असा उतरतोय की १२, ३०, ९ अशा उड्या मारतोय, हे बघा. उड्या असतील तर ती तारीख धरूच नका. या आकाराच्या मोटरला आयएसओच्या जुन्या तक्त्यात २.८ पर्यंत ठीक आणि ७.१ च्या वर बंद, म्हणजे थोडा वेळ हाताशी आहे.

आता स्पेक्ट्रम उघडा, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख. १४८० आरपीएमला फेऱ्यांची वारंवारता २४.७ हर्ट्झ. ६३१४मध्ये आठ गोळ्या असतात. बाहेरच्या रेसला (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) खड्डा पडला तर ठोका साधारण ७६ हर्ट्झला आणि पुढे १५२, २२८ला दिसतो. घोटाळा इथेच होतो : फेऱ्यांची तिप्पट ७४ हर्ट्झ येते आणि फाउंडेशन बोल्ट सैल असला की शिखर तिथे उठतं. स्पेक्ट्रमची रेषा (आलेखाचा सर्वांत बारीक टप्पा) ०.५ हर्ट्झपेक्षा जाड असेल तर ७४ आणि ७६ एकात मिसळतात आणि सैल बोल्टचा आळ बेअरिंगवर येतो. त्यामुळे आधी बोल्टला पाना लावा, सेन्सर बसवलेला स्टडही घट्ट आहे का ते बघा. नुसतं २४.७लाच शिखर असेल तर इम्पेलरवर (फॅनच्या पात्यांच्या चाकावर) राख बसली असणार. क्लिनिंगच्या बंदला खरवडून घ्या. मोटर व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर हे सगळे आकडे वेगाबरोबर सरकतात. रीडिंगं एकाच वेगाची ताडून बघा.

मग ग्रीस. बेअरिंगचा बाहेरचा व्यास १५० मिमी गुणिले रुंदी ३५ मिमी गुणिले ०.००५, म्हणजे २६ ग्रॅम. गनचे दहा स्ट्रोक काट्यावर तोलून एका स्ट्रोकचं वजन काढा आणि ड्रेन प्लग उघडा ठेवून भरा. कंपन उतरून तसंच राहिलं तर ग्रीसच कमी होतं. एकदोन दिवसांत परत चढलं तर रेस गेली, पुढच्या बंदला बेअरिंग बदला. ग्रीसची तारीख प्रणालीत नोंदवा, नाहीतर बेअरिंग आपोआप सुधारलं असं मॉडेल शिकेल.

प्रश्न : मिलच्या रोलरलाही हाच सेन्सर लावावा का?
— वाचक, कराड

उत्तर : नको. रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो आणि खाली ब्रास (धातूचे घसरते बेअरिंग) असतात, गोळ्या नाहीत. कंपनात काही सापडणार नाही. ब्रासचं तापमान आणि तेलाचा प्रवाह मोजा.