हॉटेलच्या ट्रेनी इंटरव्यूला जाताना खानावळ सोबत ने

पोरी,

तुझा मेसेज वाचला. हॉटेलच्या ट्रेनीची टेस्ट पास झालीस आणि आता ग्रुप डिस्कशन आणि पॅनलसाठी मुंबईला बोलावलंय, फार बरं वाटलं गं. तू विचारलंस उत्तरं कुठली पाठ करू. एकही करू नको. पॅनल बघत असतं ते एवढंच की समोरच्या माणसाची अडचण त्याने तोंड उघडायच्या आधी या मुलीला दिसते का, आणि दिसली तर ही जागची हलते का. ते तुझ्यात आहे, फक्त तुला ते सांगता यायला पाहिजे.

"हॉटेल लाईनच का" हे विचारणारच. अतिथी देवो भव, मला माणसांत राहायला आवडतं, हे सगळं पॅनलने त्या दिवशी सकाळपासून ऐकलेलं असतं. तू खानावळ सांग. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत तुमची खानावळ, येणारे निम्मे पेशंटचे नातेवाईक, त्यात कर्नाटकातले कितीतरी, रात्रभर वॉर्डबाहेर बसून आलेले, आणि तू त्यातल्या एका आजोबांचं ताट बघून ओळखलंस की हे स्वतः जेवत नाहीयेत, पेशंटसाठी पोळीत बांधून नेतायत, आणि दुसऱ्या दिवसापासून बिनतिखट वरणभाताचा वेगळा डबा सुरू केलास, तो आज तुमच्या बोर्डावर आहे. मला सांगितलंस तसंच तिथं सांग, काय दिसलं, तू काय केलंस, मग काय बदललं, दीड मिनिटात. आणि "फॅमिलीचा छोटा फूड बिझनेस" असलं काही म्हणू नको, खानावळ म्हण, ताठ मानेने म्हण.

रोल प्ले बहुतेक असतोच. समज रात्री दोन वाजता गेस्ट आला, बुकिंग कन्फर्म, पण हॉटेल फुल, रूम नाही. बहुतेक मुलं इथं सॉरी सॉरी करत बसतात नाहीतर "रिझर्व्हेशनवाल्यांची चूक आहे" म्हणतात, आणि तिथंच संपतं, कारण गेस्टला तुमच्या डिपार्टमेंटशी काय घेणं, त्याला पाठ टेकायचीय. आधी त्याला बसव, पाणी दे, नावाने बोल. ड्युटी मॅनेजरला कळव. जवळच्या त्याच दर्जाच्या हॉटेलात रूम बघ, गाडी आपली, त्या रात्रीचं बिलही आपलं, आणि तो तिथं पोचला का हे फोन करून विचार. उद्या परत आणायची सोय आत्ताच सांग. त्याच्यासोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्याकडे बघ, हे कुठल्या पुस्तकात नसतं पण पॅनल नक्की टिपतं.

डिपार्टमेंट विचारलं तर "कुठलंही चालेल" चालणार नाही. ओबेरॉय हॉटेलवाल्यांच्या दिल्लीच्या ओसीएलडी या ट्रेनिंग सेंटरसारख्या ठिकाणी गेस्ट सर्व्हिस, हाऊसकीपिंग, किचन असे वेगळे रस्तेच आहेत. सगळ्यांना फ्रंट ऑफिस, म्हणजे रिसेप्शन हवं असतं, पण मी सगळं आयुष्य हाऊसकीपिंगला काढलंय म्हणून सांगते, माणसं सांभाळायला तिथं सगळ्यात लवकर शिकता येतं. तुला एफ अँड बी, म्हणजे रेस्टॉरंटची खाण्यापिण्याची सर्व्हिस हवी असेल तर तेच सांग, फक्त कारण तुझं पाहिजे.

कंपनीचं वाचून जा. ताज महाल पॅलेस १९०३ ला उघडलं हे सगळे सांगतात, पण त्याच कंपनीची जिंजर नावाची स्वस्तातली हॉटेलंही आहेत, तर जिंजरचा गेस्ट काय मागतो आणि ताजचा काय, हे विचारलं की गप्प. त्यावर विचार कर की.

आकडे कच्चे ठेवू नको. १०० रूम, ७० विकल्या, सरासरी ५,००० ला, म्हणजे ऑक्युपन्सी (किती रूम भरल्या) ७० टक्के, एआरआर (विकलेल्या रूमचा सरासरी रेट) ५,००० आणि रेव्हपार (रिकाम्या धरून दर रूममागे कमाई) ३,५००. आता रेट ४,००० केला आणि ८५ गेल्या, हॉटेल जास्त भरलं पण रेव्हपार ३,४०० वर आला, शिवाय १५ रूम जास्त साफ करायच्या, चादरी जास्त धुवायच्या. हे तोंडी सांगता आलं तर समोरचा जनरल मॅनेजर पुढे सरकून बसतो.

ग्रुप डिस्कशनमध्ये पहिलं बोलायची घाई नको, कोणाला बोलायलाच मिळत नसेल तर त्याला वाट करून दे. केस बांधलेले, नखं कापलेली, बूट पॉलिश, अत्तर नको, बास. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने उतरून थेट पॅनलसमोर जाऊ नको, आदल्या दिवशीच पोच आणि झोप. गेटवरच्या सिक्युरिटीपासून चहा देणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांशी नीट बोल, तू तशीही बोलतेसच.

शेवटी तुला विचारतात काही विचारायचंय का, तेव्हा विचार की रोटेशन कुठल्या डिपार्टमेंटला किती महिने, संपल्यावर कुठल्या पोस्टवर घेतात, पोस्टिंग कुठं. बॉण्ड असेल तर किती वर्षांचा आणि सोडलं तर किती भरायचे हे सहीच्या आधी कागदावर वाच, बाबांनाही वाचायला दे. लांब जायची तयारी आहे का हे विचारणारच, तर घरी ते आत्ताच बोलून घे, तिथं चाचरायला नको.

गुरुवारी संध्याकाळी सांगलीला विश्रामबागेत माझ्याकडे ये. मी चिडलेली गेस्ट होते, तू रिसेप्शनला उभी राहा, मराठीत एकदा आणि इंग्लिशमध्ये दोनदा करू. येताना इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं लॉगबुक आण, त्यातले तीन प्रसंग निवडायचेत.

तुझी ताई